दुसरा ब्रेक

आठवडाभर मी डावीकडे बसतो.
पायाखाली दुसरा ब्रेक, दुसरा क्लच,
टपावर पत्र्याची पाटी:
साळवेकर मोटार ड्रायव्हिंग स्कूल, कोथरूड.
हळू. अर्धा क्लच. आरसा बघा.
आरसा टिकली नीट करायला नाही, मॅडम.
पौड फाट्याच्या सिग्नलला बंद पडलेल्या गाडीत
मागच्या सगळ्या पुण्याचा हॉर्न
तीस वर्षं मी मानेवर घेतलाय.

रविवारी मात्र उजवीकडे.

चाकणच्या पुढे, बंद पडलेल्या एका कारखान्याचं आवार.
मुरूम. पहाटे टँकर पाणी मारून जातो,
तरी नऊ वाजता चहात धूळ असतेच.
नारिंगी शंकू मांडलेले, चौतीस.
गाडी दोन माणसांची, फायबरची,
कुणीतरी हौसेनं बांधलेली
आणि हौस फिटल्यावर मला विकलेली.
इतकी बुटकी की हिच्यात बसता येत नाही,
सदऱ्यासारखी अंगात घालावी लागते.
आणली त्या दिवशी बायको डाव्या सीटवर बसून म्हणाली,
इथे काय करायचं असतं?
म्हटलं, काही नाही. नुसतं बसायचं.
मग मी उतरते, म्हणाली.

झेंडा पडतो.
पहिला गिअर, दुसरा,
आणि मग तिसरा येतच नाही.
सगळं दुसऱ्यातच उरकायचं, बोंबलत.
शंकूंमधून नागमोडी,
मागचं बूड सुटलं की स्टेअरिंग उलटं.
हे मी कधी कुणाला शिकवलं नाही,
शिकवलं असतं तर स्कूल बंद झालं असतं.
खडे तळाशी तडतडतात,
भट्टीवर फुटाणे पडल्यासारखे.
बावन्न सेकंद.
बावन्न सेकंद कुणालाही हळू म्हणायचं नसतं.
एकदाच, स्वतःला म्हणायचं असतं, तेच राहतं.
जो आठ मी आरटीओच्या मैदानावर
शेकडोंकडून गिरवून घेतला
त्याच आठाच्या पोटात
एक शंकू आडवा.
दोन सेकंद दंड.

तो उभा करायला धावत आली तस्लीम बागवान.
भवानी पेठेत वडिलांचं टायरचं दुकान सांभाळते.
माझ्याकडेच शिकली. एका महिन्यात दोन क्लच प्लेटा जाळल्या,
टेस्टला तीनदा नापास.
निकालाच्या फळ्यावर ती माझ्या वर,
एक पूर्णांक चार सेकंदांनी.
म्हणजे शंकू धरला नाही तर मीच पुढे.
हे मी तिला दोनदा सांगितलं.
शंकू धरतात, सर, म्हणाली.
तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात.

मग दुपारी, घड्याळवाले जेवायला बसल्यावर:
सर, एक फेरी, तुमच्या गाडीत?

तर मी डावीकडे.
गुडघे हनुवटीला, दाराला धरायला काही नाही.
ती पहिल्यात, दुसऱ्यात,
आठाच्या तोंडाशी मला वाटलं तिथे तिने सोडलं नाही,
त्याच्या पुढेही नाही,
आणि माझा पाय गेला.
खाली नुसतं फायबर. करकरलं.
गाडी वळली.
तोच शंकू हलला, डगमगला,
उभा राहिला.

तिने पाहिलं होतं. बोलली काही नाही.
आरसा बघत होती.

सोमवारी सकाळी साडेसहा, मयूर कॉलनी.
लोहोकरे काका, वय एकसष्ट, दिवस दुसरा.
स्टेअरिंग दोन्ही हातांनी असं धरलेलं
की कुणी तरी ते काढून नेणार आहे.
मी पाय ब्रेकवरून उचलला,
बोटभर वर धरला.
दुसरी गल्ली. तिसरी. पोटरी भरून आली.
काका शीळ घालायला लागले.

दूधवाल्याच्या सायकलपाशी दाबलाच.